वहीपासून माणसापर्यंत

प्रिय,

बाबांच्या पश्चात पुण्याची नोकरी सोडून तू फोंड्याला परतलास, दुकान अंगावर आलं, आणि आत्मविकासाची पुस्तकं एकामागून एक वाचूनही सकाळी अंथरुणातून उठवत नाही, असं लिहिलं आहेस. वाचतोस ते चांगलंच आहे. पण आता नवं पुस्तक आणू नकोस. हाताशी असलेल्यांपैकी एक उघड आणि त्यातला एकच स्वाध्याय वहीत लिहून कर.

कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत आणलेली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विचारपद्धती तुझ्या उपयोगाची आहे. घटना, तिच्याविषयीची आपली धारणा आणि त्यातून उठणारी भावना हे तिन्ही वेगवेगळं मांडायचं. ‘बाबा गेले’ ही घटना. ‘मी जवळ नव्हतो, म्हणजे मी नालायक मुलगा’ ही धारणा. वडील गेल्याचं दुःख होणारच, त्याला औषध शोधू नकोस. स्वतःचा तिटकारा मात्र त्या धारणेतून येतो. तिला पुरावा माग.

इथपर्यंत पुस्तक पुरतं. पण वहीत तू स्वतःचीच समजूत घातलीस, तर पुस्तक तुला हटकणार नाही. समोर बसलेला माणूस हटकतो, आणि तू कुठे गप्प झालास तेही त्याच्या लक्षात येतं. म्हणून समुपदेशकाकडे जा असं मी म्हणतो आहे.

‘उत्साह आला की दुकानाकडे बघेन’ असं तू लिहिलंस. ते उलट आहे. नैराश्यात माणूस एकेक काम सोडत जातो, त्यामुळे समाधानाचे क्षण कमी होतात आणि मन आणखी खचतं. छोटं काम वेळ ठरवून आधी करायचं, उभारी मागून येते. या तत्त्वावरचे उपचार आपल्याच गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत संगाथ या संस्थेने तपासून पाहिले. सहा ते आठ भेटी, आणि बोलणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हेत, तर प्रशिक्षण दिलेली इथलीच साधी माणसं. रुग्णांना फायदा झाला. तो अभ्यास 2017 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. मला याचा फार अभिमान वाटतो.

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारचा, संमोहनाचे प्रयोग करणाऱ्या आबे फारियांचा पुतळा तू पाहिला आहेस. हात पसरलेले, समोर कोसळणारी स्त्री. बघणाऱ्याला वाटतं, सगळी शक्ती त्या हातांत आहे. कांदोळीत जन्मलेल्या या माणसाचं सांगणं नेमकं उलट होतं: संमोहन घडतं ते समोरच्याच्या मनातून. समुपदेशकाकडे जाताना एवढं लक्षात असू दे. दोन भेटींच्या मधल्या दिवसांत जे करायचं, ते तुलाच करायचं आहे.

पहिल्याच भेटीत त्याचं शिक्षण विचार, पद्धत विचार, गुप्तता कोणत्या प्रसंगी मोडावी लागते तेही विचार. आपण घरी कोकणीत भांडतो-रडतो आणि मराठीत वाचतो-लिहितो. समोरचा इंग्रजीतच बोलणार असेल तर तुझं रडणं कोरडं राहील. तसं वाटलं तर दुसरा शोध, त्यात उपकार बुडवल्यासारखं काही नाही.

बांबोळीला सरकारी मनोरुग्णालय, म्हणून ‘बांबोळीला गेला म्हणजे वेडा झाला’ असं गावात म्हणतील, ही भीती मला कळते. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची गुप्तता हा तुझा हक्क केला आहे. त्या रुग्णालयात, आयपीएचबीत, जायला पाय उचलत नसेल तर 14416 वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीला फोन कर. तो विनामूल्य आहे, रात्रीही लागतो. आणि जगणं नकोसं वाटण्याचा विचार डोकावला, तर भेटीची तारीख बघत थांबू नकोस. त्याच क्षणी हा फोन कर, नाहीतर मला उठव, कितीही वाजलेले असोत.

पहिली भेट झाली की कळव. आत काय बोललास ते मला सांगायची गरज नाही.

तुझे सर