बनियनवरचा डाग

प्रश्न : वय ६१. निपाणीत तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होतो. छातीच्या डाव्या बोंडाखाली आवळ्याच्या बीएवढी गाठ आहे. दुखत नाही. बनियनला लालसर डाग पडतो, तो बायकोनं पाहिला. इथं चरबी म्हणून मलम दिलंय. मुलगा मॅमोग्राफी करा म्हणतोय, पण बायकांच्या रांगेत बसायचं कसं? शिवाय सुई टोचली की कॅन्सर पसरतो म्हणतात. मुली दोन, कोल्हापूरकडं दिल्यात.

उत्तर : मामा, मलम बंद करा आणि याच आठवड्यात कॅन्सर सर्जनला दाखवा. पुरुषांची छाती यकृताच्या त्रासानं, काही गोळ्यांनीही वाढते. पण ती बहुधा रबरासारखी लागते, हात लावला की हुळहुळते. एकाच बाजूची न दुखणारी गाठ आणि रक्ताळ स्राव ही वेगळी गोष्ट. स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांत पुरुष जेमतेम एक, त्यामुळं डॉक्टरांच्याही ते चटकन डोक्यात येत नाही. त्यात पुरुषाच्या छातीला मांस कमी, गाठ लहान असतानाच कातडीला धरते.

मॅमोग्राफी पुरुषांचीही होते. छाती दोन पट्ट्यांत दाबतात, थोडी कळ लागते, झालं. मग काखेसकट सोनोग्राफी आणि जागा बधिर करून जाड सुईनं तुकडा. सुईनं कॅन्सर पसरत नाही, हे वखारीतल्या मंडळींनाही सांगा. उलट तपासणीआधीच कुणी ‘छोटी गाठ, काढून टाकू’ म्हणालं, तर तयार होऊ नका. पुढचं ऑपरेशन अवघड होऊन बसतं.

कॅन्सर निघालाच, तर बहुधा बोंडासकट तो भाग काढतात, काखेतल्या गाठी तपासतात. केमो, रेडिएशन लागेल की नाही ते रिपोर्टवर. पुरुषांत दहातल्या नऊ गाठी इस्ट्रोजेन या हार्मोनवर पोसणाऱ्या असतात, म्हणून ते अडवणारी टॅमॉक्सिफेनची गोळी, रोज २० मिलिग्रॅम, सहसा ५ वर्षं. अंगाची लाही होते, कामेच्छा मंदावते, आणि ‘बायकांची गोळी’ म्हणत पुरुष ती गुपचूप सोडतात. सोडायची नाही, त्रास सांगायचा. एक पोटरी सुजून दुखली, तर मात्र त्याच दिवशी दाखवायचं. रक्ताची गुठळी असू शकते.

कॅन्सर ठरला, तर बीआरसीए जनुकाची, म्हणजे ज्यातल्या दोषानं स्तनाचा कॅन्सर घराण्यात येतो त्याची, तपासणीही मागा. दोष सापडला, तर तो मुलींत, आणि मुलातही, उतरण्याची शक्यता निम्मी. मुलींना तेव्हा बोलावू. आत्ताच घाबरवू नका.

रांगेचं म्हणाल, तर फोन करून सकाळची पहिली वेळ मागा. बेळगाव, कोल्हापूर, मिरज, जिथं सोयीचं तिथं जा. फक्त राज्याच्या हद्दीपलीकडं जाणार असाल तर आपलं आयुष्मान कार्ड तिथं चालतं का, ते आधी विचारा. आणि मामींना बरोबर न्या. डाग त्यांनीच पाहिलाय, डॉक्टरांना नीट सांगतील.