२०,००० रुपयांत टेकडीच्या वाटांवर चालवण्यासाठी माउंटन बाइक घ्यायची असल्यास काय पाहावे?

तुमच्या प्रश्नात दिलेली माहिती अशी: तुम्ही पुण्यात राहता, उंची १६८ सेंटिमीटर, रविवारी सकाळी वेताळ टेकडी, तळजाई आणि अधूनमधून मुळशीकडच्या कच्च्या वाटांवर सायकल चालवायची इच्छा आहे, आणि खर्चाची मर्यादा २०,००० रुपये आहे. एका दुकानदाराने पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि २१ गिअर असलेली सायकल १४,००० रुपयांत दाखवली असून ती घ्यावी का, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर स्पष्ट आहे: ती सायकल घेऊ नका. तेवढ्याच पैशांत, किंवा थोडे अधिक घालून, मागे शॉकअप नसलेली, चांगल्या चाकांची आणि तुमच्या मापाची सायकल घ्या.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो आहे. माझी पहिली सायकल तुम्हाला दाखवली गेली तशाच प्रकारची होती. तिचे वजन १८ किलोच्या आसपास होते आणि चढावर प्रत्येक पायडलबरोबर मागचा शॉकअप खाली-वर होत असल्यामुळे पायांतील बरीचशी ताकद तिथेच मुरत असे. चौथ्या महिन्यात टेकडी उतरताना मागचे चाक एका बाजूला घासू लागले. चाक काढून पाहिले तेव्हा एक्सल, म्हणजे चाकाचा आस, वाकलेला होता आणि हबमधले, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातले, छर्रे एका बाजूने झिजलेले होते. मी तोवर ना कुठे उडी मारली होती, ना कुठे आपटलो होतो. मुरमाच्या नेहमीच्या उतारावर, दगडगोट्यांवरून बसत असलेल्या साध्या हादऱ्यांनीच तो एक्सल वाकला होता. कारागिराने नवा एक्सल घातला, तोही दोन महिन्यांत वाकला, आणि तेव्हा कुठे मला कळले की दोष एक्सलच्या दर्जात जितका होता, तितकाच त्या हबच्या रचनेत होता.

ही रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण स्वस्त आणि टिकाऊ सायकलींमधला मोठा फरक इथेच लपलेला असतो. मागच्या चाकावरील गिअरची दातेरी चक्रे दोन पद्धतींनी बसवलेली असतात. जुन्या पद्धतीत सगळी चक्रे आणि त्यांची उलट फिरण्याची यंत्रणा मिळून एकच तुकडा असतो व तो हबवर आट्यांनी घट्ट बसवतात. त्याला फ्रीव्हील म्हणतात. या रचनेत उजव्या बाजूचे बेअरिंग चक्रांच्या आतल्या अंगाला, हबच्या कडेजवळ येते आणि तेथून फ्रेमपर्यंतचा एक्सल आधाराशिवाय राहतो. सहा-सात चक्रांची रुंदी एवढी असते की खडबडीत वाटेवर नेमका तोच भाग वाकतो. दुसऱ्या पद्धतीत उलट फिरण्याची यंत्रणा हबचाच भाग असते, तिच्यावर चक्रे सरकवून बसवतात आणि उजवे बेअरिंग अगदी बाहेरच्या टोकाशी जाते. या चक्रांच्या संचाला कॅसेट म्हणतात. टेकडीवर चालवायच्या सायकलीला, शक्य असेल तिथवर, कॅसेटचीच मागणी करा.

दुकानात हे ओळखणे सोपे आहे. सायकलीच्या मागे उजव्या बाजूला बसा, पायडल उलटे फिरवायला सांगा आणि सर्वांत लहान चक्राच्या मधोमध, एक्सलभोवती ज्या खाचा दिसतात त्यांच्याकडे पाहा. चक्रांबरोबर खाचाही फिरत असतील तर ती कॅसेट आहे आणि चक्रे फिरत असताना खाचा स्थिर राहत असतील तर ते फ्रीव्हील आहे. सात गिअरचा संच बहुधा फ्रीव्हीलचा असतो, आठमध्ये दोन्ही प्रकार आढळतात, नऊ आणि त्यापुढे बहुतेक वेळा कॅसेट असते. विक्रेत्याला हा फरक ठाऊक नसण्याचीही शक्यता आहे, म्हणून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले बरे.

गिअरच्या संख्येचा तर मुळीच मोह धरू नका. २१ म्हणजे पायडलजवळची, पुढची तीन दातेरी चक्रे (चेनव्हील) गुणिले मागची सात चक्रे, एवढाच हिशोब असतो, आणि त्यांतील बरेच गिअर एकमेकांच्या इतके जवळ असतात की फरक जाणवत नाही. चढावर उपयोगी पडतो तो सर्वांत हलका गिअर. पुढचे सर्वांत लहान चेनव्हील २८ दातांचे आणि मागचे सर्वांत मोठे चक्रही २८ दातांचे असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा होतो, म्हणजे साडेसत्तावीस इंची चाकाची सायकल सुमारे २.१५ मीटर पुढे जाते. पुढे २४ आणि मागे ३४ दाते असतील तर तेच अंतर सुमारे दीड मीटरवर येते. वेताळ टेकडीचा माथा शहराच्या सपाटीहून २०० मीटरपेक्षा उंच आहे. तिथल्या सैल मुरमाच्या चढावर पहिल्या सायकलवरून उतरून ढकलत जावे लागेल, दुसरीवर बसून सावकाश चढता येईल. म्हणून विक्रेत्याने ‘किती गिअर’ हे सांगितले की तुम्ही ‘किती दाते’ हे विचारा. दातांची संख्या बहुधा चक्रांवरच कोरलेली असते.

शॉकअपविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण नव्या ग्राहकाची नजर सर्वांत आधी तिथेच जाते. माउंटन बाइक हा प्रकार १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीत, माउंट टॅमलपायस या डोंगराच्या परिसरात घडला. तेथील तरुण जुन्या, जाड टायरच्या, अवजड सायकली घेऊन कच्च्या डोंगरवाटांनी खाली येत. १९७६ पासून ज्या उतारावर त्यांच्या शर्यती होऊ लागल्या त्याचे नावच ‘रीपॅक’ पडले, कारण उतरताना मागच्या हबमधला, पायडल उलटे दाबून लागणारा ब्रेक इतका तापत असे की त्यातले ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर हबमध्ये नवे ग्रीस भरावे लागे. त्या मंडळींनी आधी ब्रेक सुधारले, गिअर बसवले, फ्रेम बळकट केल्या. पुढचा शॉकअप सर्रास वापरात येऊ लागला तो १९८९ मध्ये रॉकशॉक्स या कंपनीचा आरएस-१ हा शॉकअप बाजारात आल्यानंतर. जाड टायर, भरवशाचे ब्रेक आणि हलका गिअर एवढ्यावर माणसे एक तपाहून अधिक काळ डोंगर उतरत होती. हा क्रम मला आजही, विशेषतः मर्यादित पैशांत सायकल घेताना, अगदी योग्य वाटतो.

स्वस्त सायकलीच्या पुढच्या शॉकअपमध्ये बहुधा एक स्प्रिंग असते आणि तिची उसळी आवरणारी यंत्रणा नसते. दोन्ही हातांनी हँडलवर भार देऊन शॉकअप दाबा आणि एकदम सोडा. तो टणकन आवाज करून वर आला तर दगडांवरही तो असाच चाक उडवणार हे निश्चित समजा. अशा शॉकअपचे वजन दोन-अडीच किलो असते, आणि पावसाळ्यात निगा राखली नाही तर त्याच्या नळ्या गंजतात. एसआर सनटूर या कंपनीच्या एक्ससीटी किंवा एक्ससीएम यांसारखा साधा, परंतु ज्याचे सुटे भाग मिळतात असा शॉकअप असलेली सायकल तुमच्या मर्यादेत मिळाली तर जरूर घ्या. तसे नसेल तर पुढचे चाक धरणारा, शॉकअप नसलेला साधा फोर्क आणि ५५ मिलिमीटरच्या आसपास रुंदीचा टायर ही जोडी मी पसंत करीन. तुमच्या वाटांना ती पुरते. मागच्या शॉकअपचा विचार या किमतीत करूच नये, कारण त्याचे सांधे, बुश आणि जादा नळ्या यांचा खर्च फ्रेम, चाके आणि ब्रेक यांच्यातूनच वसूल केलेला असतो.

ब्रेकबाबत माझे मत काहींना पटणार नाही. तारेने चालणारे, नाव-गाव नसलेले डिस्क ब्रेक आणि शिमानो किंवा टेक्ट्रो या कंपन्यांचे चांगले व्ही-ब्रेक (चाकाच्या रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे) यांतून निवड करायची झाली, तर कोरड्या वाटांसाठी मी व्ही-ब्रेक घेईन. निकृष्ट डिस्क ब्रेकचा चिमटा सैल असतो, तबकडी लगेच वाकते आणि लिव्हर हँडलला टेकेपर्यंत दाबूनही चाक थांबत नाही. मात्र पावसाळ्यात चालवायची असेल तर डिस्कचा फायदा खरा आहे, कारण चिखलाने माखलेली रिम व्ही-ब्रेकला पकड देत नाही आणि मुरमाचे कण रिम घासून काढतात. दोन बोटांनी लिव्हर दाबून पुढचे चाक पूर्ण अडते का, हे दुकानाच्या दारातच पाहून घ्या.

मापाची चूक मात्र नंतर कशानेही सुधारत नाही. सायकलची आडवी नळी दोन्ही पायांच्या मध्ये घेऊन, पाय जमिनीवर टेकवून उभे राहा. जांघ आणि नळी यांत किमान पाच सेंटिमीटर अंतर हवे, कारण वाटेवर पाय अचानक टेकावा लागतो आणि तेव्हा जमीन सपाट नसते. मग सीटवर बसून, टाच खालच्या पायडलवर ठेवून गुडघा सरळ होतो का ते पाहा. तुमच्या उंचीला बहुतेक कंपन्यांचे मध्यम माप बसते, तरीही एकाच नावाची मापे कंपनीगणिक बदलतात, म्हणून फोटो पाहून सायकल मागवू नका. चाक साडेसत्तावीस की एकोणतीस इंची, यावर फार वेळ घालवू नये. तुमच्या उंचीला दोन्ही चालतात. डेकॅथलॉनच्या रॉकरायडर मालिकेतील किंवा फायरफॉक्स, माँट्रा अशा नावांच्या साध्या सायकली प्रत्यक्ष चालवून पाहा. दर तपासताना जुन्या पत्रकावर विसंबू नका, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे.

आता जुन्या सायकलीविषयी, कारण २०,००० रुपयांचा सर्वांत चांगला उपयोग मला तिथे दिसतो. पुण्यात हौसेने महाग सायकल घेऊन ती इमारतीच्या पार्किंगमध्ये धूळ खात ठेवणारे लोक पुष्कळ आहेत. नवी असताना ४०,००० रुपयांना घेतलेली, कॅसेट आणि हायड्रॉलिक (तारेऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे) ब्रेक असलेली सायकल निम्म्या किमतीत मिळणे अवघड नाही. पाहायला जाताना एक फूटपट्टी सोबत न्या. चेनच्या एका पिनच्या मध्यावर शून्य धरा. नव्या चेनची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती एक अष्टमांश इंच पुढे गेलेली असेल तर चेनबरोबर मागची दातेरी चक्रेही झिजलेली असतात आणि तो खर्च किमतीतून वजा करून मागायला हरकत नाही. हँडलखालच्या जोडावर, तसेच सीटची नळी जिथे फ्रेमला मिळते तिथे ओल्या फडक्याने धूळ पुसून केसासारखी चीर आहे का ते पाहा. चीर दिसली तर सायकल फुकट दिली तरी घेऊ नका. पायडलचा दांडा धरून आडवा हलवा, त्यात खेळ जाणवू नये. आणि पायडलच्या मधल्या नळीखाली कोरलेला फ्रेम क्रमांक मूळ बिलावरील क्रमांकाशी जुळवून पाहा. बिल नसेल तर मी ती सायकल सोडून देतो.

सगळे २०,००० सायकलीवर खर्च करू नका. अडीच-तीन हजार बाजूला ठेवा: ईएन १०७८ हे मानक छापलेले हेल्मेट, हातपंप, एक जादा ट्यूब आणि टायर उतरवण्याच्या दोन पट्ट्या यांसाठी. ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटारसायकलच्या ट्यूबसारखा असावा, म्हणजे कोणत्याही पंक्चरच्या दुकानात हवा मिळते आणि बाभळीच्या काट्यांपासून बचावासाठी व्हॉल्व्हची सुई काढून ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे बारीक भोके आतून बुजवणारे द्रव्यही घालता येते. मात्र पंपावरच्या माणसाला हवेच्या दाबाचा आकडा (पीएसआयमध्ये) तुम्हीच सांगा. टायरवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते. माझे वजन ७२ किलो आहे आणि मी टेकडीवर जाताना पुढे २८, मागे ३२ पीएसआय ठेवतो. याहून फार कमी केले तर दगडाच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिमटून शेजारी शेजारी दोन भोके पडतात, आणि ५० भरले तर सायकल मुरमावरून घसरत राहते.

नवी सायकल घेतलीत तर पहिल्या १०० किलोमीटरच्या आसपास ती कारागिराकडे न्या. नव्या चाकांचे स्पोक, म्हणजे तारा, याच काळात सैल होतात. शेजारच्या दोन-दोन तारा बोटांच्या चिमटीत दाबत संपूर्ण चाकावरून फिरा. एखादी जोडी इतरांपेक्षा मऊ लागली तर तिथला ताण उतरला आहे. चाकाचा आउट काढायला आणि हबमध्ये ग्रीस आहे का ते उघडून पाहायला आवर्जून सांगा, कारण स्वस्त सायकलींच्या हबमध्ये कारखान्यातूनच ग्रीस अगदी नावापुरते भरलेले मी अनेकदा पाहिले आहे. त्यानंतर पहिल्या रविवारी तळजाईच्या सौम्य वाटांवर जा, सकाळी फिरायला येणाऱ्यांना आधी वाट द्या, आणि वेताळ टेकडीचा मोठा उतार ब्रेकचा अंदाज आल्यावर, सीट दोन इंच खाली घेऊन उतरा.