शिकलेली ख्रिस्ती माणसं येशू मेलेल्यांतून उठला हे खरंच मानतात का?

तुमचा प्रश्न तीन भागांत आहे. येशू तिसऱ्या दिवशी जिवंत झाला हे शिकलेल्या ख्रिस्ती माणसाला मनापासून पटतं का की लहानपणापासूनची सवय म्हणून तो मानतो, बायबलमधल्या विसंगतींचं काय, आणि देव प्रेमळ आहे तर एवढं दुःख का. आधी एक सांगते, असं सरळ विचारल्याबद्दल खूप बरं वाटलं. आम्हाला सहसा तुमचे पणजोबा का बाटले एवढंच विचारतात, आम्ही नक्की काय मानतो ते कुणी विचारतच नाही.

हो, मी मानते. मी मूळची नगरची, पुण्यात शाळेत गणित शिकवते, घरात चार पिढ्या ख्रिस्ती. पण मधली सहा वर्षं मी चर्चमध्ये पाऊल ठेवलं नव्हतं, त्यामुळे सवयीने मानते असं नाही म्हणता येणार, ते खाली येईलच.

आधी पुनरुत्थान. बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. हे माझं मत नाही, सुरुवातीच्या ख्रिस्ती प्रचारकांपैकी पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात 15व्या अध्यायात चक्क लिहिलंय की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा संदेश फुकट आणि तुमचा विश्वासही फुकट. म्हणजे बघा, विश्वास कुठे मोडू शकतो ती जागा त्याने स्वतःच दाखवून ठेवली आहे. हे पत्र साधारण इसवी सन 54-55 चं, आणि येशूचा मृत्यू 30 किंवा 33 चा, म्हणजे मध्ये जेमतेम वीस-पंचवीस वर्षं. त्या पत्रात पौल म्हणतो की मला जे सांगण्यात आलं तेच मी तुम्हाला सांगितलं, मग नावं देतो, केफा म्हणजे येशूचा शिष्य पेत्र, याकोब, बारा जण, एकाच वेळी पाचशेहून जास्त लोक, आणि त्यातले बरेचसे अजून हयात आहेत असंही वर लिहितो. गलतीकरांच्या पत्रात तो सांगतो की आपण यरुशलेमला जाऊन पेत्राकडे पंधरा दिवस राहिलो आणि येशूचा भाऊ याकोब यालाही भेटलो. मग ही शंभर-दोनशे वर्षांत हळूहळू फुगत गेलेली दंतकथा होती असं म्हणणं मला जड जातं. लोकांना भास झाला असेल, चूक झाली असेल असं म्हणता येतं, त्यावर वाद होऊ शकतो, पण अगदी सुरुवातीपासून ते हेच सांगत होते हे नाकारता येत नाही.

आणि त्या काळचे लोक भोळे होते, त्यांना काहीही पटायचं, हे तर मुळीच खरं नाही. मेलेला माणूस परत येत नाही हे कळायला विज्ञानाची पदवी लागत नाही. अथेन्समध्ये पौल हे बोलला तेव्हा लोक हसले, हे बायबलमधल्या प्रेषितांच्या पुस्तकातच लिहिलंय. मला सगळ्यात जास्त विचार करायला लावते ती बायकांची गोष्ट. चारही शुभवर्तमानांत, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान या येशूची हकीकत सांगणाऱ्या बायबलमधल्या पुस्तकांत, रिकामी कबर पहिल्यांदा बायकांनी पाहिली. त्या काळात बाईच्या साक्षीला किंमत नव्हती, जोसेफस हा यहुदी इतिहासकार तसं स्पष्ट लिहितो, आणि दुसऱ्या शतकात सेल्सस नावाच्या टीकाकाराने ख्रिस्ती लोकांची टर उडवली ती ह्याच मुद्द्यावर की तुमची साक्षीदार कोण तर एक भ्रमिष्ट बाई. गोष्ट रचायचीच होती तर पेत्राला आधी कबरीवर पाठवलं असतं ना? मरीया मग्दालीयाला कशाला पुढे केलं असतं?

गणिताची बाई म्हणून सांगते, ही सिद्धता नाही. सिद्धता वेगळी असते. जो मुळातच म्हणतो की चमत्कार होणं शक्यच नाही त्याला यातला एकही मुद्दा हलवणार नाही, आणि मी त्याला मूर्खही म्हणणार नाही. मी एवढंच म्हणते की माझा विश्वास हवेत नाहीये, एका ठराविक शहरात, पिलात नावाच्या एका ठराविक रोमन अधिकाऱ्याच्या काळात काहीतरी घडलं यावर आहे. त्या पिलाताचं नाव कोरलेला दगड 1961 साली कैसरियात सापडला, त्याने पुनरुत्थान सिद्ध होत नाही हे मलाही कळतं, पण आपण कुठल्या जातीच्या दाव्याबद्दल बोलतोय ते कळतं.

आता विसंगती. आहेत, आणि त्या लपवणाऱ्या आमच्याच लोकांचा मला राग येतो. मार्कमध्ये कबरीवर तिघी जणी जातात, मत्तयात दोघी, लूकमध्ये आणखी, मार्कमध्ये एक तरुण दिसतो आणि लूकमध्ये दोन पुरुष. हे मला फार खुपत नाही, चार जणांनी एकच अपघात सांगितला तरी असं होतं. पण लूकमधली शिरगणती खुपते. लूक येशूचा जन्म रोमन सुभेदार क्विरीनियच्या शिरगणतीच्या वेळी सांगतो, ती इसवी सन 6 मधली, आणि मत्तय सांगतो हेरोद राजा जिवंत असताना, तो वारला इसवी सनपूर्व 4 मध्ये. दोन्ही जुळवायचे प्रयत्न मी वाचलेत, मला पटलेले नाहीत. मग पाळकांनी मला सांगावं की पटलेले नाहीत तर गप्प बस? लूकची तारीख चुकली असेल तर चुकली असेल, माझा प्रभू त्या तारखेवर टांगलेला नाही.

त्याउलट काही आरोप असे असतात की ते करणाऱ्याने जरा तपासून बघायला हवं होतं. येशू काश्मीरात येऊन राहिला आणि श्रीनगरला त्याची कबर आहे हा व्हिडिओ मला वर्षातून चार वेळा फॉरवर्ड होतो. त्याच्या जोडीला येतो तो लडाखच्या हेमिस मठातल्या पोथीचा दाखला, जो नोटोविच नावाच्या रशियन माणसाने 1894 साली पुस्तकातून दिला, आणि पुढच्याच वर्षी मठाच्या प्रमुखांनी अशी पोथी आमच्याकडे नाही आणि असा माणूसही आला नव्हता असं सांगितलं. दुसरा फॉरवर्ड म्हणजे कॉन्स्टंटाइन बादशहाने 325 साली नायसियाच्या बिशपांच्या परिषदेत येशूला देव ठरवलं आणि बायबलची पुस्तकं निवडली. पुस्तकांचा विषय तिथे नव्हताच. आणि देव ठरवण्याचं म्हणाल तर त्याच्या दोनशे वर्षं आधी, साधारण 112 साली, प्लिनी नावाचा रोमन सुभेदार बादशहाला कळवतोय की हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात.

त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा शब्द बायबलमध्ये नाही हे मात्र खरं आहे. आणि यावरून भांडलेली सगळ्यात मोठी मराठी बाई म्हणजे आपल्या पंडिता रमाबाई. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर दोन वर्षं तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनना पत्रांतून नुसते प्रश्न विचारून हैराण केलं. त्रैक्य शास्त्रात कुठे लिहिलंय दाखवा, कुमारीच्या पोटी जन्म का मानायचा, आणि गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, लॅटिनमध्ये आमच्या संस्कृतपेक्षा वेगळं काय आहे. एका पुरोहितशाहीचं जू उतरवून आलेय, दुसरं मानेवर घेणार नाही, असं त्यांनी लिहिलं. त्या परक्या देशात होत्या, सोबत लहानगी मुलगी मनोरमा, आधारही त्याच सिस्टर लोकांचा, तरी हे विचारायची हिंमत! पुढे त्यांनी स्वतः लिहिलंय की बाप्तिस्म्यानंतरही कितीतरी वर्षं मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. मग त्याच बाईने केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, मरेपर्यंत त्याच कामात होत्या. आमच्या मंडळ्यांमध्ये रमाबाईंचा फोटो लावतात पण कॉलेजातल्या पोरांनी असे प्रश्न विचारले की त्यांना गप्प करतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता तिसरा प्रश्न, आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठी हाच एक प्रश्न होता.

माझा धाकटा भाऊ सतरा वर्षांचा असताना ब्लड कॅन्सरने गेला. आठ महिने हॉस्पिटल, किमो, घरी रोज प्रार्थना. तो गेल्यावर दहाव्या दिवशी एका प्रचारकाने आमच्या घरात बसून, आईने केलेला चहा पीत, आईला सांगितलं की या घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडला. मी त्या दिवशी उठून आत गेले आणि पुढची सहा वर्षं चर्चला गेले नाही. कुठलं पुस्तक वाचून नास्तिक झाले असं नव्हतं, त्या एका वाक्याने झालं.

आई मात्र जात राहिली. मला वाटायचं तिला काही प्रश्नच पडत नाहीत. मग एकदा तिचा चष्मा शोधताना तिचं बायबल उघडलं गेलं, 88व्या स्तोत्राच्या पानावर, आणि ते पान इतकं हाताळलेलं होतं की कडा काळ्या झाल्या होत्या, पेन्सिलीने प्रत्येक ओळीखाली रेघ. ते स्तोत्र वाचून बघा. बाकीच्या बहुतेक रडगाण्यांत शेवटी तरी देवाची स्तुती येते, यात येत नाही. तू माझी माणसं माझ्यापासून दूर केलीस असं देवाला तोंडावर सांगून ते अंधारातच संपतं. म्हणजे माझी आई सहा वर्षं रोज देवाशी भांडत होती आणि ते भांडण तिला बायबलनेच शिकवलं होतं, आणि त्या प्रचारकाला ते पान बहुतेक कधी उघडावंसं वाटलं नव्हतं.

दुःख का आहे याचं उत्तर माझ्याकडे नाही, ज्यांच्याकडे आहे असं ते म्हणतात त्यांच्यापासून मी लांब राहते. माझ्याकडे एवढंच आहे की वधस्तंभावर येशू स्वतः ओरडला, माझ्या देवा, तू मला का सोडलंस, आणि मार्कने ते ग्रीक पुस्तकात त्याच्याच बोलीत ठेवलंय, एलोई, एलोई. मला समजावून सांगणारा देव नको होता, त्या वॉर्डात बसलेला हवा होता.

नरक कायमचा आहे का, किंवा वधस्तंभावर आपलं तारण नेमकं कसं झालं, यावर आमच्यातच सुरुवातीपासून वेगवेगळी मतं आहेत, नायसियाच्या मतांगिकारात, म्हणजे चर्चमध्ये म्हटल्या जाणाऱ्या विश्वासाच्या कबुलीत, तो आपल्यासाठी वधस्तंभावर खिळला गेला एवढंच आहे, कसं ते नाही. रागावलेल्या बापाने आपल्या सगळ्यांच्या जागी मुलाला मारलं असं जे काही जण शिकवतात ते मला मान्य नाही.

तुम्हाला खरंच बघायचं असेल तर वादाचे व्हिडिओ सोडा आणि मार्कचं शुभवर्तमान एका बैठकीत वाचा, दीड तास पुरेल. 16व्या अध्यायाच्या 8व्या ओवीवर थांबा, सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत ते तिथेच संपतं, पुढचं नंतर जोडलेलं आहे. बायका कबरीपासून थरथरत पळाल्या आणि घाबरल्यामुळे कुणाला काही बोलल्या नाहीत. एवढंच. मग मला लिहा, त्या कशाला घाबरल्या असतील असं तुम्हाला वाटतं.