जहाज रात्री ११ ला, मग दुपारपासून करायचं काय?

नाशिकच्या कॉलेज रोडला माझं समुपदेशनाचं सेंटर आहे आणि तिथे हल्ली एक काळजी इतक्या वेळा ऐकू येते की शेवटी वाटलं लिहूनच टाकावं. "मॅडम, मधे पाच-सहा तास रिकामे आहेत, त्यांचं काय करायचं?" कोणाला दुबईला विमान बदलायचं असतं, कोणी पंचवटी एक्स्प्रेसने सकाळीच मुंबईला पोचणार असतं आणि विमान असतं रात्री. ऐकायला प्रश्न किरकोळ वाटतो, पण विचारणाऱ्याची झोप उडालेली असते, बीपीची गोळी वाढलेली असते आणि घरात त्यावरून कटकटी चालू असतात, त्यामुळे मी तो कधीच हसण्यावारी नेत नाही.

एका काकांचं सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असं सगळं बदललंय. रेल्वेतून स्टेशन मास्तर म्हणून रिटायर झालेले, नाशिकरोडला घर. मुलगी हॉलंडमध्ये रॉटरडॅमला, पुतण्या लंडनला. आधी लंडन, मग मुलीकडे, असा बेत. विमानात कान प्रचंड दुखतात म्हणून मुंबई-लंडन सोडलं तर आणखी विमान नको, आणि काकांना जहाजाची हौस. म्हणून ठरलं की लंडनहून ट्रेनने इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हार्विच बंदराला जायचं आणि तिथून रात्रीच्या जहाजाने हॉलंड गाठायचं.

मार्ग खरोखर छान आहे. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनहून हार्विच इंटरनॅशनल साधारण दीड तास, बऱ्याचदा मॅनिंगट्रीला गाडी बदलावी लागते, आणि स्टेशनला लागूनच जहाजाचं टर्मिनल. जहाज रात्री ११ ला सुटतं आणि सकाळी ८ ला हॉलंडच्या हूक ऑफ हॉलंड बंदराला लागतं. तिकडचं घड्याळ एक तास पुढे, म्हणजे प्रवास खरा आठ तासांचा. उतरलं की समोर मेट्रो, २०१९ पासून थेट रॉटरडॅमला जाते.

काकूंनीच त्यांना आणलं. "अहो मॅडम, हे रात्री अडीच वाजेपर्यंत मोबाईलवर तिकडच्या गाड्या बघत बसतात." मला आधी कळेना, मग काकांनीच सांगितलं. उन्हाळ्यात आपण इंग्लंडच्या साडेचार तास पुढे, तिकडची रात्री दहाच्या आतबाहेर पोचणारी गाडी वेळेवर येते का हे रोज बघायचं तर आपल्याकडे अडीच वाजणारच. एका वहीत रोजचं लेट लिहिलेलं होतं, लाल पेनाने.

"काका, मग कुठली गाडी धरायची ठरलं?"

"तेच तर होत नाहीये. संध्याकाळची धरली आणि लेट झाली तर जहाज गेलं. म्हणून दुपारची धरतो, तर पाच तास उरतात. पाच तास आम्ही दोघं म्हातारी माणसं बॅगा घेऊन परक्या गावात काय करणार? म्हणून परत संध्याकाळची बघतो."

हेच चक्र महिनाभर चाललेलं. त्यांना जहाज चुकण्याचा धोका अजिबात नको होता आणि थांबणंही अजिबात नको होतं. या दोन गोष्टी एकत्र मिळत नाहीत. हे मी त्यांना पहिल्याच भेटीत सांगितलं, त्यांनी मान डोलावली आणि त्या रात्रीही ते अडीचपर्यंत जागे होते. नुसतं समजून भागत नाही, कारण काळजीचं मूळ बहुतेक वेळा वेळापत्रकात नसतंच.

माझा कल अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीकडे आहे, त्यांनी ती १९५५ च्या सुमारास मांडली. त्यांचं म्हणणं असं की घटना माणसाला अस्वस्थ करत नाही, त्या घटनेबद्दल आपण मनात काय धरून बसलोय ते करतं. म्हणून मी धीर देत बसत नाही, भीती शेवटपर्यंत चालवून बघते. पुढच्या एका भेटीत तेच केलं.

"समजा चुकलं जहाज. मग?"

"मग संपलंच सगळं."

"संपलं म्हणजे नक्की काय झालं?"

थोडं थांबून, "सकाळी ९ ला दुसरं जहाज असतं म्हणा."

"मग रात्री?"

"हॉटेल बघायचं. पैसे जातील."

"परवडतील?"

"परवडतील हो, तो प्रश्न नाही."

"मुलगी चिडेल?"

"ती कशाला चिडेल, हसेल."

"मग प्रश्न काय आहे काका?"

बराच वेळ ते वहीचा कोपरा दुमडत बसले. मग हळूच म्हणाले, "लोक म्हणतील, स्टेशन मास्तरची गाडी चुकली."

काकूंनी त्यांच्याकडे वळून बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात हे त्यांनीही ऐकलं नव्हतं. माझ्या कामात मी याच क्षणाची वाट बघत असते, माणूस आपल्याच तोंडून खरं कारण ऐकतो तो क्षण. घाई केली, लगेच सल्ला दिला तर तो हातचा जातो, हे मी अनुभवाने शिकलेय, म्हणून तेव्हा मी गप्प राहिले. जहाज चुकणं ही गैरसोय होती, काकांनी तिचा आपल्या लायकीशी संबंध जोडला होता. आणि रिकामे पाच तास म्हणजे त्यांच्या मते प्लॅनिंग चुकल्याचा पुरावा. दोन्हीकडून मास्तरच नापास.

मग मी त्यांच्या नोकरीचंच विचारलं. "काका, मुंबईहून येणारी गाडी कसाऱ्याला का थांबते?"

इथे काका एकदम खुलले. घाटाचा ३७ ला १ चा चढ (३७ मीटर पुढे जाताना एक मीटर वर), मागे ढकलायला बँकर इंजिन लावावं लागतं, पूर्वी तर इगतपुरीला डीसी विजेवरचं इंजिन काढून एसी विजेवरचं लावायचे, आणि टाइमटेबल करतानाच मधे जादा मिनिटं धरलेली असतात, कुठे लाईनचं काम निघालं, कुठे सिग्नल मिळाला नाही तर गाडी भरून काढू शकते.

"ती जादा मिनिटं म्हणजे टाइमटेबल करणाऱ्याची चूक का?"

"छे, ती नसतील तर रोज गाड्या लेट..." आणि वाक्य अर्ध्यावर सोडून ते हसले. "म्हणजे माझे पाच तास तसलेच की."

ते त्यांचं त्यांनी म्हणणं महत्त्वाचं होतं. मी म्हटलं असतं तर उपदेश झाला असता.

नंतर एक सराव दिला. मुंबईला जायचं, भाऊच्या धक्क्याहून मांडव्याची रोरो बोट (गाड्याही नेते ती) पकडायची, पण मुद्दाम दोन-तीन तास आधी पोचायचं आणि वही घरी ठेवायची. पहिला तास वाईट गेला, सारखं घड्याळ. मग त्यांचं लक्ष बोटीत गाड्या चढत होत्या तिकडे गेलं, मागच्या गाडीला कुठे उभं करतात, हात कसा दाखवतात, आणि काकूंनी दशमी हातात दिली तेव्हा बोर्डिंग सुरू झालेलं होतं.

ज्यांना हाच किंवा असाच प्रवास करायचाय त्यांना सांगते. आधीची गाडी धरा आणि रिकामा वेळ आपण स्वतः निवडलाय हे स्वतःला सांगा, लादलेल्या वेळेचा जसा त्रास होतो तसा निवडलेल्याचा होत नाही. त्या वेळेसाठी एकच गोष्ट ठरवा, तासातासाचा प्लॅन करू नका, नाहीतर तोही पाळायची धास्ती. हार्विच इंटरनॅशनलच्या पुढे दोनच स्टेशनं आहेत, शेवटचं हार्विच टाऊन, तिथे समुद्राकाठी १८१८ चे दोन दीपस्तंभ आहेत आणि १९११ चं जुनं सिनेमा थिएटरही. जूनमध्ये तिकडे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे अंधारात परक्या गावात अडकू ही भीती तरी जाते. मोठ्या बॅगा फिरवू नका, लंडनला परत यायचं असेल तर तिथेच ठेवा. रविवारी कधीकधी रुळांचं काम काढून ट्रेनऐवजी बस देतात, ते आधी बघा. रात्रीच्या जहाजाला केबिन घ्यावीच लागते, चेक-इन बंद व्हायची वेळ तिकिटावर बघून घ्या, आणि आपल्या पासपोर्टला ब्रिटनचा आणि शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक) असे दोन वेगळे व्हिसा लागतात. काळजी करायचीच तर या व्हिसाची करा, महिने आधी करा, कारण तिथे काळजीचा उपयोग होतो.

काका-काकूंनी दुपारची गाडी धरली. हार्विच टाऊनला बाकावर बसून डबा खाल्ला, दीपस्तंभ बघितले आणि आरामात टर्मिनलवर आले. त्यांची गाडी बारा मिनिटं लेट होती हे काकांनी मला व्हॉइस मेसेजमध्ये सांगितलं, पण सगळ्यात शेवटी. परतीला त्यांनी हूक ऑफ हॉलंडहून दुपारचं जहाज घेतलं, आणि त्या दिवशीची रिकामी सकाळ काकूंनी रॉटरडॅमच्या मार्केटसाठी आधीच मागून ठेवली होती.