केंद्र शेजारी, तरीही अंधार का?

प्रश्न : आमच्या गावापासून अणुवीज केंद्र थोड्याच अंतरावर आहे. तेथून निघालेल्या मोठ्या तारा आमच्या शेतांवरून जातात, तरी पावसाळ्यात आमच्याकडे तासन्‌तास वीज नसते. निदान अशा वेळी तरी केंद्राने आम्हाला थेट वीज का देऊ नये?

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. तिची बोळवण ‘तांत्रिक अडचण’ एवढ्या दोन शब्दांत करू नये, असे मला वाटते. शेतांवरून जाणाऱ्या त्या तारा पारेषण वाहिन्या आहेत. जनित्रातून निघालेल्या विजेचा दाब रोहित्राने 220 किंवा 400 किलोव्होल्टपर्यंत चढवून ती त्यांवरून ग्रिडमध्ये, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या वीजवाहिन्यांच्या मोठ्या जाळ्यात, सोडली जाते. आपल्या घरात येणारी वीज याच ग्रिडमधून, पण अनेक उपकेंद्रांत दाब उतरवत उतरवत, शेवटी बहुधा 11 किलोव्होल्टच्या फीडरवरून आणि गावातल्या रोहित्रातून पोहोचते. वादळात फांदी पडते, इन्सुलेटर फुटतो किंवा खांब कलतो तो या शेवटच्या टप्प्यावर, आणि त्या क्षणी केंद्र पूर्ण क्षमतेने चालू असले तरी आपला दिवा विझतो. त्यामुळे पावसाळ्यातल्या अंधाराचा जाब वितरण कंपनीला विचारायला हवा. ज्यांनी आपल्या शेतांवरून वाहिन्या जाऊ दिल्या, त्यांच्या फीडरची देखभाल सर्वांत आधी व्हावी, ही मागणी मला पूर्णपणे न्याय्य वाटते.

केंद्राची वीज शेजारच्या गावाची नसते, हेही येथे सांगायला हवे. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या 1969 मध्ये सुरू झाल्या, पुढे 540 मेगावॉटच्या आणखी दोन आल्या आणि केंद्राची स्थापित क्षमता 1,400 मेगावॉट झाली. ही वीज राज्यांना वाटून दिली जाते, पण तो वाटा हिशेबाचा असतो. तारेतला प्रवाह करार पाहत नाही; जिकडे मागणी असेल आणि वाट सोपी असेल, तिकडे तो जातो.

आता ‘थेट द्या’ या मुद्द्याकडे वळतो. सगळे ग्रिड कोसळले आहे आणि केंद्राला फक्त आजूबाजूची गावे जोडून ठेवली आहेत, अशी कल्पना करा. शेकडो मेगावॉट निर्माण करणाऱ्या जनित्रासमोर मागणी जेमतेम काही मेगावॉटची उरेल. ग्रिडची वारंवारता, म्हणजे प्रवाहाची सेकंदाला होणारी आवर्तने, 50 हर्ट्झच्या आसपास राहते, ती निर्मिती आणि मागणी क्षणोक्षणी जुळत असल्यामुळे. हा तोल असा एकाएकी ढळला की टर्बाइनचा वेग झपाट्याने वाढू लागतो आणि संरक्षक यंत्रणा जनित्र वेगळे करते.

याहून महत्त्वाची गोष्ट सहसा सांगितली जात नाही : अणुवीज केंद्रालाही ग्रिडकडून वीज लागते. अणुभट्टीतले विखंडन, म्हणजे अणूंचे फुटणे, थांबवले तरी इंधनातली किरणोत्सारी द्रव्ये उष्णता देतच राहतात. बंद केल्याच्या क्षणी ती पूर्ण शक्तीच्या सुमारे 6 ते 7 टक्के असते आणि दिवसभरानंतरही सुमारे अर्धा टक्का उरते. ती वाहून नेणारे पंप बाहेरच्या विजेवर चालतात आणि ती गेली तर डिझेल जनित्रांवर. फुकुशिमात 11 मार्च 2011 रोजी भूकंपाने बाहेरची वीज तोडली, डिझेल जनित्रे सुरूही झाली, पण त्सुनामीने ती निकामी केली आणि पुढचा अनर्थ त्यातून घडला. म्हणूनच ग्रिड डळमळले की केंद्राचे चालक आधी स्वतःच्या शीतकरणाची सोय पाहतात, आणि त्यांनी तसेच करायला हवे.

एकदा बंद पडलेली अणुभट्टी लगेच चालू करता येतेच असे नाही, हीदेखील अडचण आहे. बंद पडल्यानंतर काही तास इंधनात झेनॉन-135 हा वायू साचत जातो. विखंडन चालू ठेवणारे न्यूट्रॉन तो गिळतो, त्यामुळे काही प्रकारच्या अणुभट्ट्यांना पुन्हा सुरू होण्यासाठी दीड-दोन दिवस थांबावे लागते. ऑगस्ट 2003 मध्ये उत्तर अमेरिकेतले मोठे ग्रिड कोसळले तेव्हा अमेरिकेतल्या 9 अणुभट्ट्या बंद पडल्या. कॅनडातल्या ओंटारिओतील काही अणुभट्ट्या मात्र ग्रिडपासून सुटून कमी शक्तीवर चालू राहिल्या आणि काही तासांत पुन्हा ग्रिडला वीज देऊ लागल्या. तशी रचना मुळातच केलेली असेल तरच हे साधते.

प्रश्न : मग मागणीप्रमाणे अणुवीज कमी-जास्त करताच येत नाही का?

उत्तर : येते. फ्रान्सची बहुतांश वीज अणुकेंद्रांतून येते, त्यामुळे तेथील अनेक अणुभट्ट्या मागणीनुसार शक्ती कमी-जास्त करतात. इतर ठिकाणी त्या शक्यतो एकसारख्या चालवतात, कारण खर्चाचा मोठा भाग उभारणीत गेलेला असतो आणि शक्ती कमी केल्याने इंधनाची बचत थोडीच होते. मागणीतला चढउतार सांभाळायला जलविद्युत केंद्रे अधिक सोयीची ठरतात, कारण त्यांची दारे काही मिनिटांत उघडता-मिटता येतात.