नेपोलियन : थोर की जुलमी?

प्रश्न : युरोपला आधुनिक कायदा देणारा आणि घराण्यापेक्षा कर्तबगारीला मान देणारा म्हणून नेपोलियनला आम्ही थोर पुरुष मानत आलो. अलीकडे मात्र त्याचा उल्लेख ‘जुलमी हुकूमशहा’ असा वाचनात येतो. यांपैकी खरे काय मानावे? शिवाय दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आजची मापे लावणे न्याय्य आहे का?

उत्तर : या प्रश्नासाठी २१ मार्च १८०४ हा एकच दिवस नीट पाहावा. त्या दिवशी फ्रान्सची नागरी संहिता जारी झाली. जन्मसिद्ध विशेषाधिकारांना तिच्यात थारा नव्हता आणि देशभर एकच दिवाणी कायदा लागू झाला. पुढे अनेक देशांनी तिचा आदर्श घेतला. त्याच दिवशी पहाटे पॅरिसजवळच्या व्हॅन्सेनच्या किल्ल्यात फ्रान्सच्या पदच्युत बूर्बाँ राजघराण्यातील आंगियाँच्या ड्यूकला गोळ्या घालण्यात आल्या. नेपोलियनच्या हुकुमाने फ्रेंच सैनिकांनी त्याला बाडेन या परक्या राज्याच्या हद्दीत शिरून पकडून आणले होते. रात्रीच लष्करी न्यायालय बसले, बचावासाठी कोणालाही नेमले नाही आणि उजाडण्यापूर्वी सारे उरकले गेले.

या दोन गोष्टी जमेच्या आणि खर्चाच्या बाजूला मांडून शिल्लक काढण्याची रीत आहे. ती मला पटत नाही. दोहोंमागे एकच वृत्ती दिसते : कायदा प्रजेसाठी, राज्यकर्ता त्याच्या वर. १८०० मध्ये नेपोलियनने पॅरिसमधील ७३ राजकीय वृत्तपत्रांपैकी ६० बंद केली. त्याच वर्षी नव्या राज्यघटनेवरील सार्वमतात तीस लाखांहून अधिक मते अनुकूल पडल्याचे जाहीर झाले. त्यांतील जवळजवळ निम्मी मते गृहमंत्री असलेल्या त्याच्या भावाच्या, ल्यूसियँच्या, खात्याने कागदावर वाढवलेली होती. आणि ज्या संहितेचे आपण कौतुक करतो, तिनेच पत्नीला पतीच्या आज्ञेत राहण्यास बांधले, ही गोष्ट कौतुकाच्या भरात बहुधा राहून जाते.

आता मापांविषयी. ‘तो काळच तसा होता’ हे उत्तर अनेक बाबतींत मान्य करता येईल, परंतु गुलामगिरीच्या बाबतीत ते टिकत नाही, कारण त्याच काळात, त्याच देशात, १७९४ मध्ये क्रांतिकारी कन्व्हेन्शनने, म्हणजे तेव्हाच्या लोकप्रतिनिधींच्या सभेने, फ्रेंच वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली होती. नेपोलियनने १८०२ च्या कायद्याने हे पाऊल मागे घेतले आणि कॅरिबियनमधील ग्वादलूप या फ्रेंच वसाहतीत मुक्त झालेल्या माणसांना शस्त्रबळाने पुन्हा गुलाम केले. सेंट-डोमिंग या दुसऱ्या कॅरिबियन वसाहतीवर (आजच्या हैतीवर) त्याने आपला मेहुणा लक्लेर्क याच्या हाताखाली सैन्य धाडले. तेथील नेता तूसाँ लूव्हर्त्यूर कपटाने पकडला गेला आणि एप्रिल १८०३ मध्ये ज्युरा पर्वतातील एका थंड किल्ल्यात कैदेत मरण पावला. तेथील लोकांनी मात्र त्या सैन्याचा पराभव केला आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैतीचे स्वातंत्र्य जाहीर केले. म्हणजे येथे माप आजचे लागत नाही. त्याच्या समकालीनांनी घालून दिलेले माप त्याने जाणूनबुजून मोडले.

युद्धांबद्दल येथे फार लिहीत नाही, कारण त्यांतील सगळी त्याने सुरू केलेली नव्हती. १८१२ ची रशियावरील स्वारी मात्र त्याचीच. सुमारे सहा लाखांच्या सेनेतील फार थोडे परतले.

म्हणून माझे मत : तो असामान्य कर्तबगारीचा जुलमी राज्यकर्ता होता. ‘असामान्य’ हा शब्द मी सौजन्यापोटी वापरलेला नाही. तशी कर्तबगारी नसती तर जुलूम इतका दूर पोहोचला नसता. त्याची लोकहितवादी प्रतिमा बऱ्याच अंशी सेंट हेलेना बेटावरील अखेरच्या कैदेत त्याने सहकाऱ्यांना सांगितलेल्या आठवणींतून घडली, आणि आपल्याविरुद्धचा पुरावा तेथे तो स्वतःच निवडत होता. १८४० मध्ये त्याचे अवशेष मोठ्या समारंभाने पॅरिसला आणले गेले. ग्वादलूपमधील गुलामगिरी त्या वेळीही चालू होती. ती १८४८ मध्ये संपली.