उताऱ्याचा मध्यवर्ती विचार कसा शोधावा?

प्रश्न : माझी मुलगी नववीत, मराठी माध्यमाच्या शाळेत शिकते. मोठ्याने वाचताना ती कुठेही अडखळत नाही. मात्र उताऱ्यातील मध्यवर्ती विचार विचारला, की पहिलेच वाक्य वाचून दाखवते आणि सारांश म्हणून अर्धा उतारा उतरवून काढते. महत्त्वाच्या ओळी अधोरेखित करायला सांगितल्या, तर बहुतेक सगळ्याच ओळींखाली रेघा येतात. तिच्याकडून नेमका कोणता सराव करून घ्यावा? – एक पालक, नाशिक

उत्तर : आपल्या मुलीचे वाचन चांगले आहे, अडचण आकलनाची आहे आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. गफ आणि टन्मर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये मांडले, की लिपी वाचण्याचे कौशल्य आणि भाषेची समज यांच्या गुणाकारातून वाचनाचे आकलन घडते. त्यामुळे पहिली बाजू भक्कम असताना आणखी मोठ्याने वाचून घेतल्याने फारसे काही साधणार नाही.

एक छोटा उतारा घेऊ. ‘महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेला पाचगणीकडे आलो, की तो बराच कमी होतो. घाटाखालच्या वाईत तर महाबळेश्वरच्या पावसाचा पाव हिस्साही पडत नाही. अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्री चढताना बरेचसे बाष्प गमावून बसतात.’

येथे बहुतेक मुले ‘महाबळेश्वरला खूप पाऊस पडतो’ असे उत्तर देतात, कारण ते वाक्य पहिले आहे आणि त्यातला आकडा डोळ्यांत भरतो. अशा वेळी उत्तर चूक आहे असे न सांगता, मग वाईचे वाक्य लेखकाने कशासाठी लिहिले, एवढेच विचारावे. प्रत्येक वाक्याला उताऱ्यात काही काम असते. ज्या विधानाच्या आधाराला बाकीची सगळी वाक्ये उभी राहतात, तोच मध्यवर्ती विचार. या उताऱ्यात तो असा सांगता येईल : सह्याद्री ओलांडताना वाऱ्यांतील बाष्प घटत जाते, म्हणून डोंगरापासून पूर्वेकडे थोड्याच अंतरात पाऊस झपाट्याने कमी होतो. हे वाक्य उताऱ्यात कोठेही नाही आणि ‘पर्जन्यछाया’ (डोंगराच्या आडोशाच्या बाजूला पाऊस कमी पडणे) ही कल्पना ज्याला भूगोलातून ठाऊक आहे, त्याला ते लवकर सुचते. इतरांना तोच उतारा आकड्यांची यादी वाटतो. म्हणून अवघड विषयावरचा उतारा देण्यापूर्वी त्या विषयावर दोन मिनिटे बोलून घेणे मुळीच वाया जात नाही.

‘महाबळेश्वरचा पाऊस’ हा विषय झाला, विचार नव्हे. विषय दोन शब्दांत मावतो. विचाराला क्रियापद असलेले पूर्ण वाक्य लागते. मुलीने शब्दसमूह सांगितला, तर ‘त्याबद्दल लेखकाचे म्हणणे काय?’ असा पुढचा प्रश्न करावा.

काही ओळी गाळून उरलेल्या जशाच्या तशा उतरवण्याची सवय तिची एकटीची नाही. ब्राउन आणि डे यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान वयाचे विद्यार्थी नेमके हेच करताना आढळले, आणि उताऱ्यात नसलेले मुख्य वाक्य स्वतः घडवणे हेच सर्वांत अवघड ठरले. ते जमावे म्हणून पुस्तक मिटून आधी तोंडी एका वाक्यात सांगायला लावावे, मग पुस्तक उघडून प्रत्येक वाक्य त्या विधानाशी ताडून पाहावे. उतारा समोर नसला, की नक्कल करण्याचा मार्ग आपोआप बंद होतो. हे जमू लागल्यावरच उताऱ्याच्या एक तृतीयांश लांबीच्या सारांशाकडे वळावे.

अधोरेखनाबाबत आग्रह सोडलेला बरा. डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला, तेव्हा ही पद्धत कमी उपयोगाची ठरली. सारांशलेखनही त्याच गटात गेले हे खरे. पण त्यामागचे एक मोठे कारण असे, की सारांश कसा करावा हे शिकवल्याखेरीज अनेकांना तो जमत नाही. रेघ मारायचीच असेल, तर दुसऱ्या वाचनात आणि एका परिच्छेदात एकच.

सरावासाठी वृत्तपत्रातील अग्रलेख शीर्षक झाकून द्यावा आणि तिला स्वतःचे शीर्षक पूर्ण वाक्यात लिहू द्यावे. छापील शीर्षक पुष्कळदा चटकदार असते, विचार सांगणारे नसते. म्हणून तिचे उत्तर त्या शीर्षकाशी नव्हे, लेखाच्या मजकुराशी ताडून पाहावे.